आभाळाची राखण

आमच्या वस्तीवर बिबट्या येतो, याचं इथे कुणाला नवल नाही. येडगावच्या धरणामुळे चहूकडे ऊस, आणि उसात त्याचा मुक्काम. म्हणून आमचे हे बारा महिने गोठ्याच्या दारात बाज टाकून झोपायचे. गोठ्यात एकच शेळी होती, पण ती माझी होती. लोकांच्या कांद्यात खुरपून साठवलेल्या पैशांतून बेल्ह्याच्या बाजारातून मी ती आणली होती. या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच एक. गाभण होती, आज-उद्या व्यायची.

त्यात ड्रोन आलं. रात्री आभाळात लाल दिवे फिरतात, ड्रोन वरून घरं हेरून जातं आणि मागून चोर येतात, असं मोबाइलवर फिरू लागलं. आसपास कुठे चोरी झाल्याचं कानावर नव्हतं, पण गावाने गस्त बसवली. घरटी एक माणूस, हातात काठी, गळ्यात शिट्टी. वस्त्यांच्या रक्षणासाठी वस्त्यांवरचे बाप्ये रात्री गावातल्या देवळापाशी जमू लागले. आमचे हे सगळ्यांत पुढे.

"आन् शेळीपाशी कोण?" मी विचारलं.

"अगं, अख्खं गाव जागं हाय. भ्यायचं काय त्यात!"

गाव जागं होतं हे खरं. जागरणाने भूक फार लागते, म्हणून रोज एका घरातून पातेलंभर पोहे जायचे. मिरची कमी पडली तर त्याचीही तक्रार मोबाइलवर गावाच्या ग्रुपवर यायची.

त्या रात्री पोह्यांची पाळी आमची होती. हे पातेलं घेऊन गेले, मी जरा आडवी झाले, आणि शेळी ओरडली. एकदाच. बाहेर जायचा धीर होईना. खिडकीशी उभी राहून मी लाटण्याने ताट बडवत सुटले.

गस्त धावत आली, हे कबूल केलं पाहिजे. सगळे अंगणात उभे राहिले आणि सगळ्यांच्या बॅटऱ्या आभाळाकडे.

"कुठं गेलं, वहिनी?"

"उसात!"

"उसात उतरलं?" एकजण म्हणाला, आणि गस्त दोन पावलं मागे सरली.

मी बाहेर येऊन ह्यांचा बॅटरीचा हात धरला आणि खाली केला. खुंट्याला तुटलेलं दावं होतं. तिथून उसापर्यंत काहीतरी फरफटत नेल्याची खूण होती.

सकाळी ग्रुपवर आलं, 'वस्तीवर ड्रोन उतरवण्याचा डाव गस्तीने हाणून पाडला. गाव सुरक्षित.' खाली टाळ्याच टाळ्या. मला इतका संताप आला, की रडूही येईना.

संध्याकाळी देवळाकडून शिट्टी वाजली. ह्यांनी काठी उचलली, परत कोपऱ्यात ठेवली. मग बाज ओढत नेऊन गोठ्याच्या दारात टाकली.

"गस्तीला जायचं न्हाई का?"

"हितंच बसतो," हे म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

बोलायचं खूप होतं. त्याऐवजी पोहे करून नेऊन दिले. मिरची भरपूर घातली होती, तरी ह्यांनी सगळे संपवले. रिकाम्या गोठ्याची राखण करत हे उजाडेपर्यंत बसून राहिले, आणि एकदाही वर पाहिलं नाही.