अण्णांची जर्मन पदवी

अख्ख्या शहापुरात आजवर जेवढे लोक शिकले, त्या सगळ्यांची विद्या एका पारड्यात घातली तरी माझ्या थोरल्या बहिणीच्या दिरांचं पारडं जड भरेल, असं माझं मत आहे; त्यांचं स्वतःचं तर होतंच. विणकराच्या घरातला हा माणूस तीन वर्षं जर्मनीत राहून कापड रंगवण्याची पदवी घेऊन आला होता. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. परत आल्यावर ते धोतरावर टाय बांधत आणि सकाळी दारातल्या म्हशीशी जर्मन बोलत. म्हैस पान्हा चोरायला लागली, तेव्हा त्यांच्या आईनं, म्हणजे अव्वानं, ते बंद पाडलं. अण्णांचे हात रंगानं कोपरापर्यंत कायम निळे. लग्नाला गेले की अक्षता टाकायच्या आधी ओल्या अंगठ्यानं नवरीच्या शालूचा काठ घासून बघायचे. वडगावच्या एका लग्नात अंगठा लाल झाला, आणि "ह्यो रंग दोन धुण्यांत जातोय बघा," असं भर मांडवात सांगून हे मोकळे! नवरीचा मामा अंगावर धावून आला. अण्णा म्हणाले, "मामा, रागावताय कशाला? रंगात मीठ कमी पडलंय, येवढंच." जेवण मात्र त्या दिवशी आम्हाला घरी येऊनच करावं लागलं.

एवढ्या विद्येचं गावात कुणाला काय? मागवाले आपले बापजाद्यांच्या पद्धतीनं सूत रंगवत होते. अशात आफ्रिकेतल्या एका गिरणीचं पत्र आलं. रंगमास्तराची जागा होती, राहायला घर होतं. अट एकच, ही जर्मन पदवी इंग्रजी पदवीच्या तोडीची आहे असा सरकारी दाखला सहा महिन्यांत हवा. शिकलेलं कुणीतरी वापरावं, एवढीच अण्णांची भूक. ते हरखून गेले. मग हेलपाटे सुरू झाले. बेळगावच्या कँपातला इंग्रज सरकारचा कारकून म्हणायचा, शहापूर संस्थानात, तुम्ही आमचे नव्हे. संस्थानची कचेरी म्हणायची, पदवी परमुलखातली, इंग्रजांकडे जा. दोन्हींच्या मधे पायी अर्ध्या तासाची वाट, त्यात अण्णांच्या वहाणांचे दोन जोड झिजले. शेवटी धारवाडच्या एका जर्मन पाद्र्यानं भाषांतर करून दिलं आणि मुंबईच्या कचेरीनं मूळ कागद मागवला. इंग्रजी अर्ज मी लिहिला. कागद अण्णांनी स्वतः पाकिटात घालून टपालात टाकला.

महिन्याभरात कागद परत आला. नामंजूर. "जर्मन शिक्का बघून सायबाच्या पोटात दुखलं," अण्णांनी गल्लीत जाहीर केलं, आणि त्या दिवसापासून साहेबाशी वैर धरलं. टाय गेला. विलायती साबण घराबाहेर गेला. पोस्टाच्या लाल पेटीकडे बघायचं नाही म्हणून ते वळसा घालून बाजाराला जात. मी म्हणालो, "अण्णा, फेरअर्ज करू. असा झणझणीत लिहितो, बघाच." तर हे आपले, "सोड रं. न्हाय त्ये न्हाय." मला भारी राग आला. लोकांच्या मांडवात भांडणारा माणूस स्वतःच्या वेळी असा गप्प बसतो म्हणजे काय!

अव्वा मात्र गप्प बसणारी नव्हती. ताण्याचं सूत मागावर तुटू नये म्हणून विणकर त्याला तांदळाची खळ लावतात. अव्वा खळ ढवळता ढवळता साहेबाचा उद्धार करायची. "वाटंत फाटू नगं म्हणून मी कागदाला दोन्ही अंगांनी खळ लावून, उन्हात वाळवून दिलता. येवढा नेटका कागद त्या मेल्यानं जल्मात बघितला नसंल!" अण्णा मान डोलवायचे. "व्हय अव्वा, लई नेटका हुता." हे मी वर्षानुवर्षं ऐकलं आणि वर्षानुवर्षं हसलो. मी मूर्खच.

अव्वा गेली. तिचे दिवस झाल्यावर अण्णांनी मला आत बोलावलं, ट्रंक उघडली आणि मुंबईहून परत आलेला तो पदवीचा कागद हातात दिला. छापील अक्षरं तेवढी शाबूत होती. अण्णांचं नाव, सही, शिक्का, जे जे शाईचं होतं ते ओल्या खळीनं, पाण्यात नीळ सोडावी तसं पसरलं होतं. सोबतच्या पत्रात साहेबानं सभ्यपणे लिहिलं होतं, की पदवी कुणाची ते वाचता येत नाही.

"टपालात टाकताना बघितलं नव्हतं?"

"बघितलं की. ती म्होरंच हुबी हुती. म्हटलं, झ्याक झालंय."

"अहो, मग जर्मनीहून नक्कल मागवायची!"

"आणि पैल्या कागदाला काय झालं म्हणून तिनं इचारलं असतं, तर?"

ज्या साहेबाला आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्याचा काही दोष नव्हता. अण्णांनी कागद माझ्या हातून घेतला आणि हलक्या हातानं हलवला. तो खडखडला.

"खळ बघ अजून कशी धरून हाय," ते म्हणाले. "तिच्यासारखी खळ शहापुरात कुणालाच जमायची न्हाय."

मग तो कागद त्यांनी अव्वाच्या लुगड्याच्या घडीत ठेवला आणि ट्रंक लावली.