ढोलकीवरच्या चार थापा

कुवेतमधल्या शुवैखच्या एका गॅरेजात ठोकून सरळ केलेल्या कितीतरी गाड्यांच्या पत्र्याला आतल्या अंगाने खिळ्याने 'गणू' असं कोरलेलं आहे. गाडीवाल्यांना ते ठाऊक नाही, मडगार्ड उतरवल्याशिवाय ते दिसायचंही नाही. आमचे शाहीर तिथे डेंटर होते. चेपलेला पत्रा हातोडीने ठिकाणावर आणायचा आणि रंगाला पाठवण्याआधी आतून आपलं नाव ओढायचं, हा त्यांचा नेम. "अहो, कोण बघणार आहे ते?" असं मी एकदा विचारलं. "पुढला डेंटर बघंल," ते म्हणाले, "त्येला कळाया नको, कुनाच्या हाताचं काम हाय?"

त्यांची माझी ओळख अंगठ्यामुळे झाली. मी फहाहीलच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. हातोडी बसून सुजलेला डावा अंगठा घेऊन ते आले, हात प्लेटवर ठेवला आणि उजव्या हाताने टेबलाच्या कडेवर ठेका धरला. मी हिंदीत म्हणालो, "हिलना मत." ते मराठीत पुटपुटले, "अंगठा कुठं हलतो? ठेका चाललाय." तो जाखडीचा ठेका होता. मी चिपळूणचा, लहानपणापासून भजनात ढोलकी वाजवलेला. मला राहवलं नाही, मी पुढची थाप टेबलावर दिली. अंगठा मोडलेला निघाला, पण शाहीर खुशीत गेले.

रत्नागिरीकडे गणपतीत पोरं गोल धरून जाखडी नाचतात आणि मधोमध बसून शाहीर गातो. गावी असताना शाहीर दरवर्षी नवी गाणी बांधायचे. कुवेतला आल्यावर नाच सुटला, गाणी मात्र सुटली नाहीत. मग दर शुक्रवारी ते बसने आमच्या घरी येऊ लागले. आवाज येतो म्हणून आम्ही एसी बंद करायचो, दाराला ब्लँकेट लावायचो आणि घामाने निथळत माझ्या मोबाईलवर गाणं भरायचो. आतल्या खोलीतून मुलगी ओरडायची, "बाबा, इज अंकल डन? इट्स सो हॉट!" शाहीर हसून माझ्या बायकोला म्हणायचे, "वहिनी, पोरीला सांगा, एकच कडवं राह्यलंय." ते एकच कडवं तासभर चालायचं. गाणी टाकायचं चॅनल माझ्या नावावर होतं. बसवर गाणं झालं, जेवणाच्या डब्यावर झालं, व्हिडिओ कॉलवर ऐन बोलण्यात गोठून बसणाऱ्या त्यांच्या गावाकडच्या बायकोच्या चेहऱ्यावर झालं. कोकणातली माणसं ती गाणी एकमेकांना पाठवायची.

त्यांच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी छाप असायची. म्हणजे शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव, गावाचं नाव, साथीदाराचं नाव आणि शाहिराचं स्वतःचं नाव. जाखडीत ही रीतच आहे, कारण दुसरा शाहीर त्या गाण्याला गाण्यातूनच जबाब देतो. "छाप नाय त्ये गानं बेवारशी," ते म्हणायचे. "बेवारशी गान्याला कुनी जबाब देत नाय." त्यांची छाप ठरलेली होती:

'धोंडूगुरूंचा चेला गातो, आंबेकोंड माझा गाव ग,
ढोलकीवरती अमका बसला, गणू शाहीर नाव ग.'

त्या 'अमका'च्या जागी माझं चार अक्षरी नाव येई. पहिल्या वेळी ते ऐकून मी लाजलो होतो. नंतर त्या ओळीची वाट पाहू लागलो.

आता माझ्याविषयी एक सांगायला हवं. मी भित्रा माणूस आहे, आणि हे नम्रतेने म्हणत नाही. बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, नवं करायची वेळ आली की महिनाभर आधी माझी झोप उडते. पोलिसाची गाडी मागे दिसली की मी चुकलेलो नसतानाही चूक आठवू लागतो. नोकरी गेली तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जातो, इकामा गेला की घर, मुलीची शाळा, सगळंच एका कागदाबरोबर जातं. हे गणित मी रोज मनात सोडवतो आणि रोज उत्तर तेच येतं.

त्या उन्हाळ्यात शाहिरांच्या गॅरेजमधल्या हुसेन नावाच्या पेंटरला आमच्या दवाखान्यात आणलं. रंगाच्या बंद खोलीतला धूर बाहेर काढणारा पंखा कित्येक महिने बिघडलेला होता आणि हुसेन आत बेशुद्ध पडला होता. त्याच्या छातीचा एक्स-रे मीच काढला. शाहीर बाहेर बाकावर बसले होते. त्यांचे हात गुडघ्यांवर अगदी गप्प होते. हुसेन वाचला, पण त्याला जिना चढवेना आणि पुढे तो गावी परत गेला. पंखा तसाच बंद राहिला.

पुढच्या शुक्रवारी शाहीर गाणं घेऊनच आले.

'पंखा फिरेना, वारा शिरेना, रंगाचा धूर कोंडला ग,
निळ्या गाडीला हुसेनभाईचा शेवटचा हात राहिला ग.'

मी वाजवलं. खोटं कशाला सांगू, जन्मात इतकं चांगलं वाजवलं नव्हतं. छापेत माझं नाव आलं तेव्हा अंगावर काटा आला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना तेच गाणं पुन्हा लावलं आणि माझं नाव ऐकून वस्तरा हातातच राहिला.

मी शाहिरांना फोन केला. "हे गाणं माझ्या चॅनलवर नको. टाकायचंच असेल तर छाप काढा. दोघांचीही."

"माजी कशाला काढू?"

"शाहीर, लोक ऐकतील. मालकापर्यंत जाईल."

"जावं म्हनूनच बांदलंय नं. उद्या त्या खोलीत दुसरा पेंटर जाईल."

"मग माझं तरी काढा. मला मुलगी आहे हो."

मी पुढचं बोलणं ऐकायला कान फोनवर दाबून धरला होता. मग ते अगदी सहज म्हणाले, "बरं. तुमचं काढतो. घाबरू नका."

त्यांनी नाव काढलं, पण ओळ बदलली नाही. छाप नव्याने भरायला आले तेव्हा 'ढोलकीवरती' म्हणून थांबले आणि मला नुसत्या चार थापा द्यायला लावल्या. मग 'बसला' म्हणाले आणि पुढे आपलं नाव ठणठणीत घेतलं. गाणं त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून टाकलं.

आठवड्याभरात ते कामगारांच्या खोल्याखोल्यांतून फिरलं. मराठी न कळणाऱ्यांनीसुद्धा पाठवलं, कारण कुणीतरी खाली हिंदीत अर्थ लिहिला होता. गॅरेजच्या मंदूबने, म्हणजे कागदपत्रं बघणाऱ्या माणसाने, शाहिरांना बोलावलं. ते कळल्यापासून मी अनोळखी नंबर उचलणं सोडलं. दवाखान्यात कुणी हातात फाइल घेऊन शिरलं की मी अंधाऱ्या खोलीत जाऊन उगाच प्लेटा आवरायचो. बायको विचारायची, "अहो, जेवत का नाही?" मी म्हणायचो, पित्त झालंय. मला शाहिरांची काळजी होती, हे खरं. पण त्यांनी माझं नाव सांगितलं तर काय, ही काळजी मोठी होती, हे त्याहून खरं.

त्यांनी सांगितलं नाही. 'ढोलक किसने बजाया?' असं मंदूबने तीनदा विचारलं, असं त्यांच्या खोलीतल्या सोबत्याने मला नंतर सांगितलं. शाहीर तिन्ही वेळा म्हणाले, "मोबाईल का है, साहब. अपने आप बजता है." आणि गाणं? "गाना मेरा है. नाम है ना उसमें."

त्यांचा इकामा रद्द झाला. मला एक व्हॉइस मेसेज आला: "शुक्रवारी दुपारचं इमान हाय. यायला नको. उगा कुनी बघंल." मी तरीही गेलो. विमानतळासमोर गाडी लावली. शाहीर ट्रॉली धरून दाराशी उभे होते आणि शेजारी त्यांचा पासपोर्ट हातात धरून मंदूब. शाहिरांची बोटं ट्रॉलीच्या दांड्यावर चालली होती. वीसएक पावलांचं अंतर असेल. माझा हात गाडीच्या दाराच्या कडीवर होता. ते आत जाईपर्यंत तो तिथेच राहिला.

पुढे माझ्या गाडीचं मडगार्ड चेपलं, तेव्हा मुद्दाम त्याच गॅरेजात गेलो. रंगाच्या खोलीत नवा पंखा घरघरत होता. कुणी बसवला, का बसवला, विचारायचा मला धीर झाला नाही.

मागच्या आठवड्यात शाहिरांचं नवं गाणं आलं. गावाकडे हायवेला त्यांनी डेंटिंगसाठी पत्र्याची शेड टाकली आहे, तिच्यावरच आहे. ढोलकीवर गावचा कुणी चांगला हात आहे. छाप आली. 'ढोलकीवरती', मग चार थापा, मग 'बसला'. खाली कुणीतरी विचारलं होतं, 'इथे आवाज गेलाय का?'

मी फोन लावला. "शाहीर, आता तुमच्याकडे दुसरा ढोलकीवाला आहे. त्याचं नाव घाला की तिथे."

"त्येचं आदल्या कडव्यात घातलंय. ती जागा त्येची नाय."

मी म्हणालो, "मग माझं घाला."

"इकामा हाय नं अजून? पोरगी साळंत जाते नं? मग ऱ्हाऊ दे. रिकामी जागा काय भाकर मागते?"

मला ओरडले असते, एखादी शिवी घातली असती, तर बरं वाटलं असतं.

हे लिहून बायकोला वाचायला दिलं. तिने शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "नाव घालणार?" भीती गेलेली नाही आणि या वयात ती जाईल असं वाटत नाही. पण छाप नाही ते बेवारशी, आणि शाहिरांवर लिहिलेलं बेवारशी सोडणं मला जमणार नाही.

ढोलकीवरती सुधाकर बसला, गणू शाहीर नाव ग.