रास पेटवण्याचा मान

टांझानियातल्या पारे डोंगरातल्या आमच्या वाडीत मडकी घडवतात त्या बायकाच. महिन्यातून एकदा सगळ्यांची मडकी एकाच राशीत भाजतात. ती रास पेटवायचा मान वीस वर्षं नाकिएतेमावशीचा. स्वाहिलीत पेटवायला 'वाशा' म्हणतात. चूल वाशा, दिवा वाशा, मोटारसायकलसुद्धा वाशाच. जिभेला मिरची झोंबली, अंगाला खाज सुटली, तरी शब्द तोच.

मग नामसिफू लग्न होऊन वाडीत आली. मावशी तापानं पडली त्या महिन्यात तिनं रास पेटवली आणि एकही मडकं तडकलं नाही.

"आता हिलाच पेटवू दे," म्हातारी नान्झिया म्हणाली. "नाकिएते, तू आराम कर."

"करते की!"

घरी मावशीनं उगालीचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीचं, पातेलं असं आदळलं की नवरा दचकला. "तुला कुणी पेटवलं आज?"

"कुणी नाही. मिरची लागली."

"उगालीत मिरची?"

पुढच्या महिन्यात पुन्हा रास रचली. दुपार कलली की आमच्या उतारावर वारा फिरतो. वारा येतो त्या अंगाला राशीला केळीची ओली पानं लावावी लागतात. मावशीला ते पाठ होतं. ती बोलली नाही. उलट, "अजून ओलीयत," म्हणत आपली नऊ मडकी तिनं बाजूला काढली.

वारा फिरला. जाळ एका अंगाला लोळला, आणि आतून फटाफट आवाज यायला लागले. चाळीसातली तीस मडकी गेली. बायका ठिकऱ्या वेचू लागल्या. नामसिफूनं मावशीच्या मडक्यांना हात लावून पाहिला.

"मावशी, ही तर कधीच वाळलीयत. तुम्हाला वारा माहीत होता."

"होता."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझं कौतुक मला ऐकवत नव्हतं, पोरी."

त्यानंतर मावशीबरोबर कुणी मडकी लावेना. तिनं आपली नऊ एकटीनं रचली. तेवढ्यात नामसिफू दोन मडकी घेऊन आली.

"माफ केलेलं नाही मी. वारा कसा ओळखायचा, ते शिकायला आलेय."

मावशीनं तिला उतारावरचं गवत कुठं झुकतं ते दाखवलं.

आता रास नामसिफूच पेटवते. मावशी वाऱ्याच्या अंगाला पानं लावते. परवा मी तिला विचारलं, "अजून जळतं का गं पोटात?"

"जळतं तर," ती म्हणाली, आणि पानं भिजवायला ओढ्याकडे गेली.