दुमडलेल्या काठाची फुलदाणी

शिंप्याच्या दुकानात कपडे घालून बघायला मागे एक पडदा होता. त्याच्याआड बसून काजकाकू एकदा कोटाला काजं करत होती, आणि बाहेर दुकानाचे मास्तर आणि त्यांची बायको, मास्तरीणबाई, यांची जुंपली होती.

"तिला एकदा कात्री देऊन तर बघा."

"कापड वाया घालवायला? तिचा हात काजापुरता. त्यापुढे नाही."

"तुम्ही काय आईच्या पोटातूनच कापायला शिकून आलात?"

मास्तरांनी मशीन इतकं दामटलं की पुढचं काही ऐकू आलं नाही. काकूने उरलेली काजं केली आणि गुपचूप घरी गेली. तेव्हा ती एकतीस वर्षांची. पुढची पस्तीस वर्षं तिने काजंच केली. कापायचं दुसऱ्यांनी, भोकं पाडायची हिने. कामाला कुणी नावं ठेवली नाहीत. पण आपल्या हाताने कापलेली एकही वस्तू जगात नाही, हे तिला दाताखाली खडा यावा तसं लागायचं.

मग वस्तीच्या हॉलवर कागद लागला: मातीची शोभेची भांडी, चाकाशिवाय, नुसत्या हातांनी, सहा शनिवार.

"आई, तुमचे गुडघे?" सून म्हणाली.

"गुडघ्यांनी कुठे करायचीत," म्हणत काकू निघाली, ती अर्धा तास आधीच जाऊन कुलपासमोर उभी.

शिकवणारी ताई सुनेच्या वयाची, कोपरापर्यंत चिखलाने माखलेली. बाकीचे मातीच्या वळ्या करून एकावर एक रचत होते. काकूने माती लाटली, वर्तमानपत्राचा नमुना करून तिच्यावर ठेवला आणि सुरी उचलली. ती दोन्ही हातांनी धरली आणि एका दमात कापलं. कड अगदी सरळ आली.

काकूला हसू आवरेना. शेजारचा निवृत्त पोस्टमन म्हणाला, "लॉटरी लागली का?"

"लॉटरीत काय ठेवलंय."

पण उघडा काठ ठेवणं काकूच्या रक्तात नाही. कापलेला तुकडा गोल वळवून, कडा जोडून फुलदाणी उभी केल्यावर तिने वरचा काठ आत दुमडला आणि बोटांनी दाबून बसवला, सदऱ्याचा घेर दुमडतात तसा.

पुढच्या शनिवारी ताईने तो काठ टिचकी मारून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "काकू, दुमडीत हवा कोंडलीय. भट्टीत ही फुटेल आणि शेजारच्यांचीही फोडेल. मला ठेवता येणार नाही."

"हवेला वाट करून दिली तर?"

"माती अर्धी वाळलीय. एक भेग गेली की सगळी गेली."

काकूने पिशवीतून सुयांची डबी काढली आणि त्यातली जाड सुई निवडली. श्वास रोखून एक भोक, पुढे बोटाच्या पेराएवढी जागा सोडून दुसरं. पट्टी नाही, खूण नाही. पोस्टमन आपली वळी हातात धरून बघत राहिला. तासाभराने काठभर भोकांची रांग झाली, आणि भेग एकही नाही. ताईने फुलदाणी भट्टीच्या फळीवर नेऊन ठेवली.

शेवटच्या शनिवारी भट्टी उघडायची होती. काकूने सकाळी चहा दोनदा केला आणि दोन्हीदा प्यायला विसरली. ताई एकेक थर काढत होती. पोस्टमनचा वाडगा निघाला, कुणाचं तबक निघालं. काकूची फुलदाणी अगदी तळाशी होती. वर आली ती लालसर, अख्खी, काठ जागच्या जागी. काकूने पोस्टमनच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा वाडगा पडता पडता राहिला.

मास्तरीणबाईंची नजर आता अधू झालेली. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी काकू त्यांच्याकडे जाऊन आठवड्याच्या दहा सुया ओवून ठेवते. आजही गेली, फक्त या वेळी काखेत फुलदाणी होती.

मास्तरीणबाईंनी काठावरून बोटं फिरवली. "ही काजं का गं?"

"नुसती भोकं. काजं असती तर कडा शिवल्या असत्या."

"कापलं कुणी?" खुर्चीतून मास्तरांनी विचारलं.

"मी."

मास्तरांनी ती मांडीवर घेतली, फिरवली, जोड शोधला. सापडायला बराच वेळ लागला. "काठ जरा जाड आहे."

"जाड आहेच," काकू म्हणाली.

"मी तेव्हाच सांगत होते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

काकू खिडकीशी बसली, दोरा तोंडात ओला केला आणि एकेक सुई ओवून, गाठ मारून सुयांच्या उशीत टोचत गेली. दहावी झाली तरी फुलदाणी मास्तरांच्याच मांडीवर होती.