युलालीला बॅज कोण लावणार

इमोजीन स्टॉलवर्थला नुसतं बसणं जमत नाही. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना ती बाकावरची गाण्यांची पुस्तकं सारखी करते, माझ्याकडे आली की माझेच पडदे ओढून बघते, आणि गावात कुणी गेलं तर विचारूच नका, बाईच्या पायाला भिंगरी. त्यातून गेलेली बाई आमच्या सोरॉरिटीची, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या मंडळाची असली, की टिडमोरांच्या अंत्यसंस्कारगृहातून पहिला फोन इमोजीनला जायचा. पाद्र्याला त्यानंतर. एकदा तर मयत बाईच्या नवऱ्यालाही तिनेच कळवलं, तो बिचारा मासे धरायला गेला होता.

हे सगळं बॅजपायी. आमच्याकडे कॉलेजात एकदा शपथ घेतली की बाई जन्मभराची सिस्टर. ती गेली की तिचा बॅज तिच्या छातीवर लावायचा, आणि तो सिस्टरनेच लावायचा. बॅज तो केवढा, नखाएवढा, कडेने मोती. त्याच्या शेजारी दुसरी छोटी पिन, तिच्यावर आमच्या शाखेचं अक्षर, आणि दोघींना जोडणारी बारीक साखळी. त्या दुसऱ्या पिनेला आम्ही गार्ड म्हणतो. बॅजची पिन निसटली तर गार्ड धरून ठेवते, बॅज हरवत नाही, म्हणून गार्ड. शिवाय जी बाई शाखेची अध्यक्ष झाली असेल तिच्या साखळीला सोन्याची चिमुकली हातोडी, सभेत टेबलावर आपटतात तसली, लोंबते. इमोजीनला ती होती, युलालीलाही होती. मला नाही. मला कुणी निवडूनच दिलं नाही, आणि पंचावन्न वर्षं झाली तरी ते मी विसरलेले नाही.

आणि नियम तरी किती. बॅज हृदयावर हवा. त्याच्या वरच्या अंगाला दुसरं काही लावायचं नाही, नवऱ्याने दिलेला हिऱ्याचा ब्रोच असला तरी तो खाली. गार्ड बाहीच्या बाजूला, जरासा उतरता. कोटावर बॅज लावायचा नाही, कधीच नाही. सिस्टर नसलेल्या बाईने तो लावायचा नाही, मग ती पोटची पोर का असेना. इमोजीन हे पाळायची आणि दुसऱ्यांच्या मानगुटीवर बसून पाळायला लावायची. एकदा आमच्या गुरुवारच्या जेवणाला एक तरुण मुलगी स्वेटरच्या कॉलरवर बॅज लावून आली. इमोजीनने हातातली चिकन सॅलडची बशी खाली ठेवली, तिला स्वयंपाकघरात नेलं, आणि दोघी बाहेर आल्या तेव्हा बॅज जागेवर होता नि पोरीचे डोळे लाल.

"अगं, तिला जेवू तरी द्यायचंस," मी म्हटलं.

"जेवेल की. आधी माणसासारखी दिसू दे."

अशी ही बाई. आणि युलाली प्रुइट आमची तिसरी, आम्ही तिघींनी एकाच वर्षी शपथ घेतलेली. युलाली शेवटची दोन वर्षं अंथरुणावरच होती. तिची मुलगी ग्लेंडा डोथन शहरातली नोकरी सोडून तिच्याजवळ येऊन राहिली. आम्ही भेटायला गेलो की युलाली इमोजीनचा हात धरायची. "मला त्याच्याशिवाय मातीत ठेवू नका गं," म्हणायची. "केस नाही विंचरलेत तरी चालेल, पण बॅज लावा." इमोजीन प्रत्येक वेळी वचन द्यायची, आणि युलालीला दर वेळी ते नव्याने हवं असायचं.

सप्टेंबरात युलाली गेली. आमच्या दक्षिण अलाबामात सप्टेंबर म्हणजे नावालाच सप्टेंबर, उकाडा जुलैचाच. इमोजीन पांढरे हातमोजे आणि मऊ फडकं घेऊन सकाळीच टिडमोरांकडे हजर. मी मागोमाग, कारण गाडी माझी. बॉयड टिडमोर दारातच उभा होता. इमोजीनने त्याला शाळेत शिकवलंय, त्यामुळे तो अजून तिच्यापुढे हात मागे बांधून उभा राहतो.

"मिस इमोजीन, ग्लेंडाने निळा ड्रेस दिलाय, कानातले दिलेत. बॅज नाही. डबी आहे, पण रिकामी."

"नीट बघितलंस?"

"दोनदा बघितलं, मॅडम."

तिने स्वतः बघितलं. डबी उलटी केली, ड्रेसचे खिसे चाचपले, त्या ड्रेसला खिसेच नव्हते तरी. माझ्या मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात लोक यायला लागले, हॅम आणि केक चर्चच्या हॉलकडे जायला लागले, आणि ग्लेंडा आली. अंगात गडद निळा कोट. त्या कोटाच्या कॉलरवर, उजव्या बाजूला, युलालीचा बॅज. गार्ड वर, बॅज खाली, हातोडी साखळीत गुंतलेली.

"डोव्ही," इमोजीन माझ्या कानात म्हणाली, "कोटावर."

"दिसतंय मला."

"उजवीकडे."

"अगं दिसतंय म्हटलं ना."

मग तिची जी घालमेल सुरू झाली ती बघवेना. फुलांपाशी गेली, कार्डं वाचली, उलटी ठेवली. पेटीपाशी गेली, युलालीच्या कपाळावरची बट सारखी केली, परत आली. पाणी प्यायली. खिडकीशी गेली. पेटी बंद व्हायच्या आधी बॅज युलालीच्या अंगावर हवा, नाहीतर दिलेला शब्द मातीत, आणि तो बॅज समोर लोकांचे हात हातात घेत फिरतोय. मला वाटलं आता ही भर खोलीत त्या पोरीच्या कॉलरला हात घालते. मी तिचं कोपर धरलं. तिने ते सोडवून घेतलं आणि ग्लेंडाला म्हणाली, "जरा इकडे ये."

कॉफीची भांडी ठेवतात त्या छोट्या खोलीत आम्ही तिघी शिरलो. दार मी लावलं.

"तो काढ," इमोजीन म्हणाली.

"काढीन. तिलाच द्यायचाय. मी काय चोर आहे, मिस इमोजीन?"

"मग लावलास कशाला?"

ग्लेंडा पन्नाशीची बाई, दातांच्या दवाखान्यात लोकांचे जबडे उघडून धरलेली, सहजासहजी रडणारी नव्हे. ती शांतपणे बोलली म्हणून मला जास्त लागलं.

"सहा वर्षांची असताना मी तो एकदा फ्रॉकला लावला होता. आईने माझ्या हातावर अशी चापट मारली की काय सांगू. मला आईने कधी मारलं नाही. तेवढं एकदाच. मग मोठी झाले, तुमच्याच कॉलेजात गेले, तुमच्याच सोरॉरिटीच्या दारात उभी राहिले. जिन्यात आईचा फोटो लावलेला होता. त्याच्याखालून आत गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नाही म्हटलं. घरी आले तेव्हा आईने मला कुशीत घेतलं, माझ्याबरोबर रडली. आणि गुरुवारी तो बॅज लावून तुमच्याकडे जेवायला आली."

"आली होती," इमोजीन म्हणाली. "मला आठवतंय."

"तुम्ही काही म्हणालात तिला?"

"नाही."

"दोन वर्षं मी तिला न्हाऊ घातलं. शेवटी शेवटी मला ओळखत नव्हती, पण नाइटगाउनवर हात फिरवून तो शोधायची. म्हटलं आज एकदा लावून बघावं. एवढं काय आहे त्यात ते कळू दे मला."

"मग? काय आहे?"

"काही नाही. टोचतो."

तिने बॅज काढला, कॉफीच्या कपांशेजारी ठेवला, "लावा तुमच्या मैत्रिणीला," म्हणाली आणि निघून गेली. झालं, इमोजीनला जे हवं होतं ते मिळालं. पण ही तो बॅज उचलेना. फडक्याने टेबल पुसायला लागली, जे स्वच्छच होतं.

"चल की आता," मी म्हटलं. "ऑगस्टा फे आणि मंडळाच्या बाकीच्या बायका येऊन उभ्या राहिल्या असतील."

"डोव्ही, युलालीने त्या पोरीसाठी एक गुरुवार चुकवला असता, तर आपण तिला काय म्हटलं असतं?"

"काय म्हणणार? पुढच्या गुरुवारी ये म्हटलं असतं."

"तेच ना," ती म्हणाली, आणि बॅज उचलून निघाली.

पेटीपाशी आमच्या बायका पांढऱ्या कपड्यांत ओळीने उभ्या होत्या. पुढे ऑगस्टा फे हाइंड्स, आमच्या मंडळाची सध्याची अध्यक्ष. या वेळी घरच्या माणसांनी बाहेर जायचं असतं. आमचे शेवटचे शब्द परक्याच्या कानावर पडायचे नाहीत अशी रीत. बॉयडने दार उघडून धरलं, भाऊ गेले, भाचे गेले. ग्लेंडा सगळ्यांच्या शेवटी निघाली.

"ग्लेंडा, तू थांब," इमोजीन म्हणाली. "इकडे ये. तू लाव."

बॉयडच्या हातातून दार सुटलं.

"इमोजीन," ऑगस्टा फे हळूच म्हणाली, "ती आपल्यातली नाही."

"ठाऊक आहे मला. मी म्हातारी झालेय, बहिरी नाही."

"मग नियम तरी—"

"नियम तुला मी शिकवलेत, ऑगस्टा फे. तुझा हातमोजा उलटा आहे, तो आधी नीट घाल."

ग्लेंडा जागची हलली नव्हती. "मला नको," ती म्हणाली. "उपकार नकोत मला तुमचे."

"उपकार कसले? कापडाच्या मागे हात घालावा लागतो. तिला हात लावायची सवय तुला आहे, मला नाही."

हे खोटं होतं. इमोजीनने आमच्या निम्म्या बायकांना बॅज लावलेत, डोळे मिटून लावेल. पण ग्लेंडा आली. तिने आईच्या गळ्याशी, ड्रेसच्या आत दोन बोटं घातली आणि कापड अंगापासून थोडं उचलून धरलं. रोज गाउनची बटणं लावताना धरत असेल तसंच. मग पिन कापडाच्या जवळ आणून ती थांबली.

"टोचेल तिला," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. इमोजीन म्हणाली, "बोटं तशीच मागे ठेव, म्हणजे नाही टोचणार."

ग्लेंडाने बॅज लावला. "आणि हे दुसरं?"

"बाहीकडे. जरा खाली. साखळी ताणू नकोस, तिला ढील असू दे."

हातोडी नीट खाली लोंबली. ग्लेंडाने हात काढून घेतले, कुठे ठेवावेत तिला कळेना, मग पेटीच्या कडेवर ठेवले. इमोजीनने तिला बाहेर जा म्हटलं नाही. तिच्यादेखतच आमचे शब्द म्हणायला सुरुवात केली. ऑगस्टा फेचे ओठ मिटलेले. दोघीतिघींनी तिच्याकडे बघितलं आणि त्याही गप्प राहिल्या. मी म्हटले. अर्धे शब्द गिळले, पण म्हटले, आणि मला माझा अभिमान वाटला, जो मला फारसा वाटत नाही.

आमच्याकडे कुणी कुणाला तोंडावर बोलत नाही. चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांनी इमोजीनला केक वाढला. "बिचारीला फार लागलंय," असं एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. जानेवारीत आमची एक सिस्टर गेली, आणि इमोजीनचा फोन वाजला नाही. तिने पेपरात वाचलं. यापुढे ऑगस्टा फेला कळवायचं असं बॉयडला सांगण्यात आलं होतं, अगदी गोड शब्दांत.

त्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि माझे चांदीचे काटे-चमचे काढून घासायला बसली. "ऑगस्टा फेने साखळी ताणून लावली असणार," म्हणाली. उठली, पडदा ओढला, परत बसली. "मेलेल्या माणसाला काय सांगता येतंय, की बाई, ताणलंयस?"

"जा आणि चुकले म्हण," मी म्हटलं. "त्या दिवशी भान नव्हतं म्हण. बॅजचं काम परत देतील तुला. त्यांना तरी कुठे हौस आहे?"

"भान होतं की मला."

"खोटं बोल. देवाला कळेल, ऑगस्टा फेला कळायचं नाही."

"चुकले असं म्हटलं, तर त्या पोरीने लावला ते चुकलं असं होतं, डोव्ही." असं म्हणून एकच काटा ती इतका वेळ घासत बसली की शेवटी मी तो हातातून काढून घेतला. आख्खा हिवाळा तिने असाच काढला. झोप नाही, भूक नाही, घरात येरझारा. आम्हा दोघींनाही कळत होतं की तिच्या जिवाला आता काय लागलंय. तिला मुलगी नाही. दोन मुलगे आहेत, दोघेही ह्यूस्टनला, दोघांना बॅज आणि बटण यांतला फरक कळत नाही. ज्या हातांनी तिने सगळ्यांना बॅज लावला ते तिचेच हात, ते तिला स्वतःला काय कामाचे. तिला बॅज लावायला ऑगस्टा फे येणार, ओठ मिटून.

मार्चमध्ये एका सकाळी ती म्हणाली, "मला टिडमोरांकडे ने."

"कोण गेलं?"

"कुणी नाही. चल."

वाटेत तिने सांगितलं की तिने ग्लेंडाला डोथनला फोन केला होता. मी विचारलं, ग्लेंडा काय म्हणाली. "'बघू' म्हणाली," इमोजीन म्हणाली. "तिच्या जागी मी असते तर एवढंही म्हटलं नसतं."

बॉयड आम्हाला बघून उठून उभा राहिला. इमोजीनने त्याला सांगितलं, की तिची वेळ आली म्हणजे ऑगस्टा फेला नाही, ग्लेंडा प्रुइटला कळवायचं. बॅज तीच लावेल. बॉयडने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"पण मिस इमोजीन, सिस्टरशिवाय कुणी लावायचा नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतं."

"मीच सांगितलं होतं ना? मग आता हेही मीच सांगतेय."

"आणि त्या सगळ्याजणी दारात उभ्या राहिल्या तर? मी एकटा काय करू?"

"एकटा कसा?" इमोजीन म्हणाली. "मी असेन ना तिथे. पडून असेन, पण असेन."