दादाची फुंकर

माझा थोरला भाऊ घड्याळजी. हट्टी इतका, की घड्याळ मागे पडलं तर सूर्याचंच चुकलं म्हणेल. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. आठवड्यातून तीनदा केंद्रात जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचं, नाहीतर घरच्या घरी पोटातून डायालिसिस. दादाला दुकान बंद ठेवायचं नव्हतं. त्याने पोट पुढे केलं.

पोटात एक मऊ नळी कायमची बसली. तिच्यातून दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं. पोटाच्या आतलं पातळ अस्तर रक्तातली घाण गाळून त्या पाण्यात उतरवतं. चार-पाच तासांनी ते काढून टाकायचं आणि ताजं भरायचं. असं दिवसातून चारदा. दुपारची पाळी दुकानामागच्या खोलीत व्हायची. दार लावायचं, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात घासून धुतलेले. नर्सबाईंनी घोकून घेतलं होतं, "नळीचं उघडं टोक जपा. जंतू शिरले तर पोटात संसर्ग होईल, वेळ पडली तर नळीच काढावी लागेल." म्हणजे केंद्राच्या वाऱ्या आणि दुकानाला कुलूप.

सहा महिने दादाने एकही चूक केली नाही, आणि ते आम्हाला ऐकवायची एकही संधी सोडली नाही.

त्या दुपारी मी गिऱ्हाईक सांभाळत होतो. दादा मागच्या खोलीतून बाहेर आला. मास्क हनुवटीवर, चेहरा पांढराफटक.

"मी फुंकलं रे. टोकावर कण दिसला, आणि फुंकलं. पाणी भरून झाल्यावर लक्षात आलं."

चाळीस वर्षं उघडी घड्याळं फुंकून साफ केलेला माणूस तो. जित्याची खोड, दुसरं काय!

"नर्सबाईंना फोन लाव."

"नळी काढतील. तुझ्या वहिनीला सांगू नकोस. काही होत नाही."

माझं डोकंच फिरलं. "दादा, घड्याळ पाण्यात पडलं आणि गिऱ्हाईकाने आठ दिवसांनी आणलं, तर तू काय म्हणतोस त्याला?"

त्याने हनुवटीवरचा मास्क काढून खिशात घातला. मग त्यानेच नंबर लावला. "बाई, माझ्याकडून चूक झाली," म्हणताना त्याचा आवाज फाटला.

बाई रागावल्या नाहीत. लगेच बोलावून घेतलं, पाणी काढलं, बाहेरची जोडनळी बदलली, अँटिबायोटिक सुरू केलं. म्हणाल्या, "चार दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. बाहेर आलेली पिशवी छापील कागदावर धरायची. अक्षरं वाचता आली म्हणजे पाणी स्वच्छ. गढूळ दिसलं किंवा पोट दुखलं, तर तसेच निघून या."

तीन दिवस पाणी स्वच्छ निघालं, तरी वहिनी जेवली ती नावाला. मलाही काही सुचत नव्हतं. चौथ्या दिवशी तिने शेवटची पिशवी वर्तमानपत्रावर धरली. दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता. वहिनी मोठ्याने वाचू लागली. बातमी कुठल्याशा पुलाच्या रंगकामाची होती. कोणता रंग, किती कामगार, कधी संपणार, ती एका दमात वाचत सुटली. दादाचे खांदे हलायला लागले. आजार कळला त्या दिवशीसुद्धा तो रडला नव्हता. वहिनी थांबली.

"थांबू नकोस," तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "पुढचं वाच."