आईला खाली बसता येत नाही

शेजारच्या गावात मोह वेचायला गेलेल्या बाईला वाघानं नेलं, त्याच आठवड्यात मी आईला गोंडपिपरीकडच्या आमच्या गावातून पुण्याला आणलं. ती अंगणात उकिडवी बसून मोहफुलं वाळत घालत होती. "एवढे वाळू दे, मंग येतो," म्हणाली. मी थांबले नाही. सत्तरीची बाई पहाटे एकटी जंगलात जाते, हे मी नर्स असून चालू देणार नव्हते.

पुण्यात सगळं तयार होतं. उंच पलंग, कमोड, हात असलेली खुर्ची. मी तिच्या हातातून झाडू काढून घेतला, भांड्यांना हात लावू दिला नाही.

"मंग मी करू काय?"

"आराम कर."

शेजारणी माझं कौतुक करायच्या. मलाही ते आवडायचं. काही महिन्यांत आई एकच गोष्ट दोन-दोनदा सांगू लागली. मग सांगायचीच बंद झाली.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र तिनं एकच धरलं, "मले गावाले सोडून दे. कायमचं." घेऊन गेले. अंगणात बाया मोह निवडत बसल्या होत्या. तिची मैत्रीण सखूबाई ओरडली, "काऊन वो शांता, सायबीन झाली का? बस ना खाली!" आई हसली, गुडघे वाकवले आणि अर्ध्यावरच अडकली. मी धरलं म्हणून पडली नाही.

"खुर्ची आणा वो, पुण्याची पाहुणी आली!"

सगळ्या हसल्या. खुर्ची आली. आई वर, बाया खाली. तिचा हात ढिगापर्यंत पोचेना.

आमच्या घरी चूल जमिनीवर, अंथरूण जमिनीवर, संडासात उकिडवंच बसावं लागतं. ती तिथं एक दिवस एकटी राहू शकली नसती. चौथ्या दिवशी परत निघालो. गाडीत म्हणाली, "वाघानं नाई नेलं मले. तू नेलं."

तुमच्यापैकी जे आईबापांना शहरात आणणार आहेत, त्यांनी त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नये. मी घेतलं. आता रोज संध्याकाळी खिडकीचे गज धरायला लावून तिला पाटावर बसवते, उठवते. पाटाखाली एकावर एक चार विटा ठेवल्या होत्या. जमेल तशी एकेक काढायची. आठ महिन्यांत एक निघाली. डॉक्टर म्हणतात, या वयात एवढंच.

"किती राह्यल्या?" ती विचारते.

तीन. तिचं घर अजून तेवढं खाली आहे. आणि मला वाटतं, तिथवर आम्ही पोचणार नाही.